घरातल्या मुंग्या: ओळख, माग आणि बंदोबस्त

रात्री पाणी प्यायला उठावे, दिवा लावावा आणि ओट्याच्या कडेने, फरशीच्या सांध्यातून निघालेली एक बारीक काळी रेघ हलताना दिसावी, हा अनुभव बहुतेक घरांत सारखाच असतो. त्यानंतर जे केले जाते तेही सारखेच असते. कोणी ओले फडके फिरवतो, कोणी हाताशी असलेला कीटकनाशकाचा डबा उचलून फवारा मारतो. दोन मिनिटांत ओटा स्वच्छ दिसतो आणि दोन दिवसांत मुंग्या परत येतात, कधी त्याच जागी तर कधी शेजारच्या खिडकीतून. ओट्यावर दिसणाऱ्या मुंग्या म्हणजे अन्नाच्या शोधात बाहेर पडलेल्या कामकरी माद्या असतात आणि त्या साऱ्या वसाहतीचा एक लहानसा हिस्साच असतात. राणी, अंडी, अळ्या, कोष आणि उरलेल्या कामकरी मुंग्या भिंतीच्या पोकळीत, फरशीखाली किंवा अंगणातल्या मातीत सुखरूप असतात, आणि मेलेल्या दोनशे मुंग्यांची भरपाई राणीला फारशी जड जात नाही. त्यामुळे या लेखातल्या सगळ्या पायऱ्यांची दिशा एकच आहे. दिसलेली मुंगी मारायची नाही. तिला घरी जाऊ द्यायचे, मात्र रिकाम्या पोटी नाही.

पहिली पायरी: हात आवरून अर्धा तास पाहणे

मुंग्यांची रीघ लागलेली असते तेव्हाच त्यांचा माग काढता येतो. रेघ पुसली की आपल्या हातातला एकमेव नकाशा पुसला जातो. अन्न सापडलेली मुंगी परतताना पोट जमिनीला टेकवत चालते आणि गंधाचा एक अदृश्य धागा मागे ठेवते. अग्निमुंग्यांमध्ये हा गंध पोटातल्या एका विशिष्ट ग्रंथीतून येतो, हे 1959 साली अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ ई. ओ. विल्सन यांनी प्रयोगाने दाखवून दिले. त्या ग्रंथीचा अर्क काचेवर रेघेसारखा ओढला, तर मुंग्या त्या कृत्रिम रेघेवरूनही निमूटपणे चालत जातात. जोवर अन्न मिळत असते तोवर प्रत्येक परतणारी मुंगी हा गंध ताजा करते, आणि अन्न संपले की रेघ आपोआप विरत जाते.

म्हणून बॅटरी घेऊन रांगेच्या कडेला बसावे आणि मुंग्या कोणत्या दिशेने भरल्या पोटाने जात आहेत ते पाहावे. हे ओळखणे वाटते तितके अवघड नाही. साखरपाणी पिऊन निघालेल्या मुंगीचे पोट फुगलेले असते आणि त्यावरच्या पट्ट्या एकमेकींपासून दूर सरकून मधली फिकट त्वचा दिसू लागते; काही मुंग्यांच्या तोंडात कण असतो. त्या दिशेने रांगेचा पाठलाग केला की ती कुठेतरी अदृश्य होते. ती जागा बहुधा नळाची पाइपलाइन भिंतीत शिरते तिथली फट असते, नाहीतर खिडकीच्या चौकटीचा कोपरा, विजेच्या बोर्डाची कड, दाराच्या उंबरठ्याखालची भेग किंवा फरशीचा निघालेला सांधा असतो. तिथे पेन्सिलने खूण करावी. रांग घराबाहेर जात असेल तर बाहेरच्या बाजूनेही तिचा शोध घ्यावा, कारण पुष्कळदा वसाहत बाहेर असते आणि घर म्हणजे तिच्यासाठी फक्त शिकारीचे रान असते. दिवसा आणि रात्री वेगवेगळ्या वेळी पाहणी केल्यास अधिक कळते. मोठे मुंगळे तर अंधार पडल्यावरच खऱ्या अर्थाने कामाला लागतात.

दुसरी पायरी: मुंगी जवळून पाहणे

रांगेतल्या चार-पाच मुंग्या पारदर्शक चिकटपट्टीवर टिपून घ्याव्यात आणि ती पट्टी पांढऱ्या कागदावर चिकटवावी. शेजारी मिलिमीटरची मोजपट्टी ठेवून मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून छायाचित्र काढावे. चिकटपट्टीवर मुंगी चिरडते असे वाटत असेल तर एखाद्या बाटलीत चार मुंग्या पकडून ती बाटली वीस मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवावी; मुंग्या निपचित होतात आणि भिंगाखाली नीट पाहता येतात.

पाहायचे काय, तर आधी लांबी आणि रंग. मग छाती आणि पोट यांच्यामधली बारीक कंबर पाहावी, कारण तिच्यावर एक गाठ असते किंवा दोन, आणि या एका निरीक्षणाने निम्मी ओळख पटते. त्यानंतर मिशा पाहाव्यात. मुंगीच्या मिशा कोपरातून दुमडल्यासारख्या वाकलेल्या असतात, पण काही जातींत त्या विलक्षण लांब असतात, तर काहींत टोकाला गदेसारख्या जाड होतात. सगळ्या मुंग्या एकाच मापाच्या आहेत की काही लहान आणि काही मोठ्या डोक्याच्या आहेत, हेही लिहून ठेवावे. शेवटी एक मुंगी बोटांत चिरडून वास घ्यावा. मात्र मुंगी लालसर असेल आणि चावल्यावर आग होत असेल तर हा प्रयोग करू नये.

पंख असलेले किडे दिसले तर घाईने निष्कर्ष काढू नये, कारण पंखाची मुंगी आणि पंखाची वाळवी यांत गल्लत फार होते आणि ती महागात पडते. मुंगीची कंबर बारीक असते, मिशा वाकलेल्या असतात आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा स्पष्टपणे लांब असतात. वाळवीची कंबर छाती-पोटाइतकीच जाड असते, मिशा सरळ आणि मण्यांच्या माळेसारख्या असतात, आणि चारही पंख जवळजवळ सारख्या लांबीचे असून सहज गळून पडतात. खिडकीखाली नुसत्या पंखांचा ढीग सापडला तर पुढचा हा लेख बाजूला ठेवावा आणि वाळवीचा तपास करून घ्यावा.

तिसरी पायरी: कोणती मुंगी, ते ठरवणे

जगात मुंग्यांच्या 14,000 हून अधिक जातींची नोंद झालेली आहे, पण माणसाच्या घरात ठाण मांडणाऱ्या जाती त्यांतल्या मूठभरच आहेत. त्याही व्यापाराबरोबर, मालाच्या खोक्यांतून आणि कुंड्यांतून जगभर पसरल्या आहेत.

सर्वांत चिवट आहे ती फॅरो मुंगी, शास्त्रीय नाव मोनोमोरियम फॅराओनिस. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1758 साली नोंदवलेली ही मुंगी जेमतेम 2 मिलिमीटर लांब, पिवळसर ते फिकट तपकिरी रंगाची आणि पोटाच्या टोकाला गडद असते; कंबरेवर दोन गाठी आणि मिशीच्या टोकाला तीन भागांची गदा असते. ती उबदार, ओलसर जागा धरते आणि भिंतीतल्या वायरींच्या नळ्या, गरम पाण्याचे पाइप, क्वचित घडी करून ठेवलेल्या कपड्यांच्या थप्पीतही वसाहत करते. रुग्णालयांत तिची विशेष धास्ती असते, कारण ती जखमेच्या पट्ट्यांपर्यंत पोहोचते आणि रोगजंतू अंगावर वाहून नेते. तिच्या एका वसाहतीत अनेक राण्या असतात, आणि धोका जाणवला की काही कामकरी मुंग्या अंडी-अळ्या उचलून एखाद-दुसऱ्या राणीसह वेगळे बिऱ्हाड थाटतात. फवारा मारल्यावर एका रांगेच्या तीन रांगा होतात त्या यामुळेच. मी स्वतः ही चूक केलेली आहे. स्वयंपाकघरातल्या मुंग्या घालवण्याच्या नादात त्या न्हाणीघरात आणि कपाटातही पोहोचवल्या, आणि मग तीन ठिकाणी विषाची आमिषे मांडत बसण्याची वेळ आली.

भूत मुंगी (टॅपिनोमा मेलॅनोसेफॅलम) त्याहूनही लहान, सुमारे दीड मिलिमीटरची असते. डोके आणि छाती गडद, पण पोट आणि पाय इतके फिकट की पांढऱ्या फरशीवर नुसते काळे ठिपके पळताना दिसतात. चिरडल्यास कुजक्या खोबऱ्यासारखा वास येतो. हिच्याही वसाहतीत अनेक राण्या असतात आणि हीसुद्धा वसाहत फोडून पसरते, म्हणून फॅरो मुंगीसारखीच हिलाही फवाऱ्यापासून लांब ठेवावे. साखर हिला फार प्रिय आहे. पोट पारदर्शक असल्यामुळे साखरपाण्यात खाद्यरंगाचा थेंब टाकला तर पिऊन निघालेल्या मुंगीचे पोट त्या रंगाचे दिसते, आणि आमिष कोणत्या फटीत पोहोचते आहे ते डोळ्यांनी पाहता येते. कीटकशास्त्राचे इतके स्वस्त उपकरण दुसरे नसेल.

लांब मिशांची वेडी मुंगी (पॅराट्रेचिना लाँगिकॉर्निस) ओळखायला सर्वांत सोपी आहे. लांबी अडीच ते तीन मिलिमीटर, रंग गडद तपकिरी किंवा काळपट, पाय आणि मिशा शरीराच्या मानाने फारच लांब, आणि चाल अशी की सरळ रेषा माहीतच नसावी. एखादी मेलेली माशी पडली तर या मुंग्या ती घोळक्याने उचलून भिंतीवर चढवतात. त्यांची वसाहत बहुधा घराबाहेर, कचऱ्याखाली, कुंडीखाली किंवा पायाच्या भेगेत असते. साखरेच्या आमिषावर त्या नेहमी टिकत नाहीत, त्यामुळे इथे वसाहत शोधण्याला अधिक महत्त्व येते.

मोठ्या डोक्याच्या मुंग्यांत, म्हणजे फीडोले या प्रजातीत, बहुसंख्य कामकरी लहान असतात आणि अधूनमधून एखादी प्रचंड डोक्याची ‘सैनिक’ मुंगी दिसते. फरशीच्या सांध्यातून किंवा भिंतीच्या तळाशी बारीक मातीचे ढिगारे वर येत असतील तर या मुंग्यांचा संशय घ्यावा. या ढिगाऱ्यांमुळे पुष्कळ लोक उगाच वाळवीच्या भीतीने घाबरतात.

मुंगळे किंवा डोंगळे, म्हणजे कॅम्पोनोटस प्रजातीच्या मुंग्या, 6 ते 12 मिलिमीटर लांब असतात आणि त्यांच्या कंबरेवर एकच गाठ असते. त्या लाकूड खात नाहीत. ओले झालेले, आतून मऊ पडलेले लाकूड कोरून त्यात घर करतात आणि कोरलेला भुसा बाहेर टाकतात. त्या भुशात लाकडाच्या चुऱ्याबरोबर मेलेल्या किड्यांचे पाय-पंखही मिसळलेले आढळतात. खिडकीच्या चौकटीखाली असा भुसा दिसला तर खरा आजार मुंगळे नसून गळती आहे असे समजावे. गळणारा पाइप दुरुस्त करून कुजलेला लाकडी भाग बदलल्याशिवाय कोणतेही औषध टिकत नाही.

अग्निमुंग्या (सोलेनॉप्सिस) घरात कमी आणि अंगणात अधिक त्रास देतात. रंग लालसर, कंबरेवर दोन गाठी, मिशा दहा भागांच्या आणि टोकाला दोन भागांची गदा. त्यांचा दंश जळजळीत असतो. काही जातींच्या दंशानंतर दिवसभरात पांढरी पुळी उठते, ती फोडू नये. दंशानंतर श्वास लागणे, चेहरा किंवा घसा सुजणे, चक्कर येणे असे काही झाल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता तातडीने रुग्णालय गाठावे.

नेमकी जात ठरली नाही तरी निराश होऊ नये. प्रत्यक्ष कामासाठी तीन प्रश्नांची उत्तरे पुरतात: मुंगी अगदी बारीक आणि वसाहत फोडणारी आहे का, ती लाकूड कोरणारी मोठी मुंगी आहे का, आणि ती दंश करणारी आहे का.

चौथी पायरी: त्यांना आज काय हवे आहे

प्रौढ कामकरी मुंगीची कंबर इतकी अरुंद असते की तिला घन पदार्थ गिळता येत नाहीत. ती द्रव पिते, आणि घन कण घरी नेऊन अळ्यांना भरवते. त्यामुळे वसाहतीत अळ्या वाढत असतात तेव्हा प्रथिने आणि स्निग्ध पदार्थांची मागणी वाढते, आणि इतर वेळी कामकरी मुंग्यांना ऊर्जेसाठी साखर लागते. काल साखरेवर तुटून पडलेल्या मुंग्या आज तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत, याचे कारण बहुधा हेच असते.

एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर साखरपाण्याचा थेंब, उकडलेल्या अंड्याच्या पिवळ्या बलकाचा कण आणि तेलाचा थेंब एकमेकांपासून बोटभर अंतरावर ठेवावेत आणि तो पुठ्ठा रांगेच्या कडेला ठेवून तासाभराने मोजणी करावी. जिथे गर्दी, त्या प्रकारचे आमिष. ही चाचणी कंटाळवाणी वाटते म्हणून बहुतेक जण टाळतात आणि मग आमिष ‘चालत नाही’ अशी तक्रार करतात.

पाचवी पायरी: आमिष तयार करणे आणि मांडणे

मुंगीच्या पोटात दोन कप्पे असतात. एक तिच्या स्वतःच्या पचनाचा आणि दुसरा साऱ्या वसाहतीच्या मालकीचा. दुसऱ्या कप्प्यात भरून आणलेले द्रव ती घरी पोहोचल्यावर तोंडातून तोंडात देते, ती मुंगी पुढच्या मुंगीला देते, आणि असे करत ते अळ्यांपर्यंत आणि राणीपर्यंत जाते. आमिषाचे सगळे गणित या वाटपावर उभे आहे. विष जहाल असेल तर मुंगी वाटेतच मरते आणि वाटप होत नाही. विष सौम्य आणि सावकाश असेल तरच ते राणीपर्यंत पोहोचते. म्हणून इथे ‘थोडे जास्त घातले तर लवकर काम होईल’ हा विचार नेमका उलटा ठरतो.

गोड आवडणाऱ्या मुंग्यांसाठी घरी करता येण्याजोगे आमिष बोरिक ॲसिडचे आहे. कीटकनाशक म्हणून अमेरिकेत त्याची नोंदणी 1948 साली झाली आणि आजही ते वापरात आहे. अर्धा लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम साखर आणि 5 ग्रॅम बोरिक ॲसिडची पावडर पूर्ण विरघळवावी, म्हणजे साधारण 10 टक्के साखर आणि 1 टक्का बोरिक ॲसिड असे द्रावण होते. मुंग्या तोंड लावून मागे फिरत असतील तर बोरिक ॲसिडचे प्रमाण निम्मे करावे. बोरिक ॲसिडऐवजी टाकणखार वापरायचा असल्यास त्यात बोरॉनचे प्रमाण कमी असल्याने 5 ग्रॅमऐवजी सुमारे साडेसात ग्रॅम घ्यावा लागतो. वजनकाटा जरूर वापरावा, कारण अंदाजाने टाकलेली पावडर नेहमी जास्तच पडते. मोजण्यासाठी आणि ढवळण्यासाठी घेतलेली भांडी आणि चमचे नंतर स्वयंपाकाला वापरू नयेत, आणि द्रावणाच्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘विष’ असे लिहून ठेवावे.

हे द्रावण उघड्या बशीत ओतू नये. बशीतले पाणी एका दिवसात उडते, उरलेल्या द्रवात विषाचे प्रमाण वाढते आणि मुंग्या ते सोडून देतात. शिवाय काही बुडून मरतात. त्याऐवजी एका छोट्या डबीच्या झाकणाला खिळ्याने दोन-तीन छिद्रे पाडावीत, आत कापसाचा बोळा द्रावणात चिंब भिजवून ठेवावा आणि झाकण घट्ट लावावे. मुंग्या छिद्रांतून आत जाऊन कापसावरून पितात, आणि डबी उलटली तरी फारसे सांडत नाही. अशा दोन-तीन डब्या रांगेच्या अगदी जवळ, पण रांगेवर नव्हे, पेन्सिलने खूण केलेल्या फटीच्या आसपास ठेवाव्यात. ऊन आणि शेगडीची धग टाळावी. दर दोन-तीन दिवसांनी कापूस आणि द्रावण ताजे करावे.

तेल किंवा प्रथिने पसंत करणाऱ्या मुंग्यांसाठी तयार जेल किंवा दाणेदार आमिषे घेणे अधिक बरे, कारण त्यांत विषाचे प्रमाण आधीच ठरलेले असते. वेष्टनावर हायड्रॅमेथिलनॉन, इंडोक्साकार्ब किंवा अगदी कमी प्रमाणातले फिप्रोनिल असे सावकाश काम करणारे घटक आहेत का ते पाहावे. मेथोप्रीन आणि पायरिप्रॉक्सिफेन ही वाढनियंत्रके मुंगीला थेट मारत नाहीत. ती अळ्यांची वाढ रोखतात आणि राणीची अंडी घालण्याची क्षमता घटवतात, म्हणून त्यांचा परिणाम दिसायला वेळ लागतो.

आमिष मांडल्यावर पहिल्या दिवशी जे दिसते त्याने भलेभले डगमगतात. रांग कमी होण्याऐवजी दुप्पट होते, डबीभोवती मुंग्यांचे काळे कडे तयार होते, आणि घरातले कोणीतरी हमखास म्हणते की आपण मुंग्यांना जेवायलाच बोलावले आहे. ते खरेच आहे आणि तसेच व्हायला हवे. या काळात त्या रांगेवर फडके फिरवू नये, फवारा मारू नये आणि एकही मुंगी चिरडू नये. मात्र इतर अन्न पूर्ण बंद करावे: ओटा कोरडा, कचऱ्याचा डबा बंद, खरकटी भांडी धुतलेली. घरभर अन्न उपलब्ध असेल तर डबीतल्या आमिषाला स्पर्धा निर्माण होते. साधारणतः तीन ते पाच दिवसांत गर्दी ओसरू लागते आणि एक ते तीन आठवड्यांत रांग थांबते. फॅरो मुंग्यांचे मात्र वेगळे. अंड्यापासून कामकरी मुंगी तयार व्हायला त्यांना साधारण सव्वा ते दीड महिना लागतो, त्यामुळे मुंग्या दिसेनाशा झाल्यावरही निदान तेवढा काळ आमिष चालू ठेवावे.

आमिषाकडे मुंग्या फिरकल्याच नाहीत तर चौथी पायरी पुन्हा करावी, आमिषाचा प्रकार बदलावा आणि जागा हातभर सरकवावी. त्या जागी आधी फवारा मारलेला असेल तर ती फरशी साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन मगच आमिष ठेवावे. महिनाभर आमिष खाऊनही रांग तशीच असेल तर एकाहून अधिक वसाहती आहेत किंवा वसाहत बाहेर आहे असे समजून तपास नव्याने सुरू करावा.

घरगुती उपायांविषयी

व्हिनेगर आणि लिंबाचा रस गंधाची रेघ पुसतात, त्यामुळे मुंग्या काही काळ गोंधळतात. साबणाचे पाणीही हेच काम करते आणि शिवाय त्याच्या स्पर्शाने मुंग्या मरतात. पण यातले काहीही वसाहतीपर्यंत पोहोचत नाही. दालचिनी किंवा तीव्र वासाच्या पुडीची रेघ मुंग्या चुकवून बाजूने जातात. कोरडा रवा खाऊन मुंगीचे पोट फुगून फुटते, ही गोष्ट तर निव्वळ दंतकथा आहे, कारण कामकरी मुंगी रवा गिळूच शकत नाही. डायटोमेशियस अर्थ नावाची बारीक खनिज पावडर मुंगीच्या अंगावरचा मेणाचा थर शोषून तिला कोरडी पाडते आणि खरोखर काम करते, पण फक्त कोरडी असेपर्यंत. ओलसर मोरीजवळ तिचा काहीच उपयोग नाही, आणि ती टाकताना नाकातोंडाला कापड बांधावे.

सहावी पायरी: वाट बंद करणे

फटी बुजवण्याचे काम आमिषाचा परिणाम झाल्यावर करावे, आधी नव्हे. वसाहत भिंतीत जिवंत असताना तोंड बुजवले तर मुंग्या दुसरे तोंड शोधतात आणि ते बहुधा शेजारच्या खोलीत निघते. रांग थांबल्यानंतर आधी साबणाच्या पाण्याने जुनी वाट धुवावी. मग पाइप भिंतीत शिरतात त्या जागी सिलिकॉन सीलंट, भिंतीतल्या भेगांत सिमेंट किंवा लांबी (पुट्टी), आणि दाराच्या खाली रबरी पट्टी लावावी. भिंतीला टेकलेली झाडाची फांदी छाटावी. एक फांदी म्हणजे मुंग्यांसाठी पूल असतो.

अन्नाचे डबे रबरी कडीचे आणि दाबून बंद होणारे असावेत, कारण आट्यांच्या झाकणातून दीड मिलिमीटरची मुंगी सहज चढून आत जाते. पाळीव प्राण्याच्या ताटलीला मुंग्या लागत असतील तर ती ताटली पाण्याने भरलेल्या मोठ्या परातीत ठेवावी. फक्त ते पाणी रोज बदलावे, कारण पाण्यावर धुळीचा थर जमला की मुंग्या त्यावरून चालत पलीकडे जातात.

कुंड्यांकडे मात्र थांबून पाहायला हवे. मुंग्या झाडावर चढताना दिसल्या तर पानांची खालची बाजू उलटावी. तिथे मावा, पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड आढळते, कारण या किडी झाडाचा रस शोषून गोड चिकट द्रव टाकतात आणि मुंग्या तो पिण्यासाठी त्यांची राखण करतात. अशा वेळी मुंग्यांमागे धावण्यात अर्थ नसतो. किडी साबणाच्या सौम्य पाण्याने धुऊन काढल्या की मुंग्यांचे येणे आपोआप कमी होते. कुंडी उचलल्यावर खाली तांदळाच्या कणीसारखे पांढरे दाणे घेऊन पळणाऱ्या मुंग्या दिसल्या तर वसाहत कुंडीतच आहे. त्या दाण्यांना आपण अंडी म्हणतो, पण ते बहुतेक वेळा कोष आणि अळ्या असतात. खरी अंडी डोळ्याला जेमतेम दिसतात. साबणाचे दोन थेंब टाकलेल्या पाण्याच्या बादलीत कुंडी मातीच्या वर पाणी येईल अशी वीस-तीस मिनिटे बुडवून ठेवली की मुंग्या बाहेर पडतात. त्यानंतर साध्या पाण्याने माती नीट निथळू द्यावी.

काळजी कुठे घ्यावी

बोरिक ॲसिड निरुपद्रवी आहे हा समज चुकीचा आहे. पूर्वी ते जंतुनाशक म्हणून सर्रास वापरले जाई आणि त्यातून तान्ह्या मुलांना जीवघेण्या विषबाधा झालेल्या आहेत. आमिषाच्या डब्या रांगत्या मुलांच्या आणि प्राण्यांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी, कपाटामागे किंवा सिंकच्या बंद कपाटात ठेवाव्यात. परमेथ्रिन असलेली औषधे मांजरांना घातक असतात, आणि पायरेथ्रॉइड गटाची औषधे माशांना. घरात मत्स्यटाकी असेल तर फवारणीच्या वेळी ती झाकून हवेचा पंप बंद ठेवावा. विजेच्या बोर्डात मुंग्या शिरल्या असतील तर आत कोणताही द्रव फवारू नये. मुख्य स्विच बंद करून जाणकाराकडून बोर्ड उघडून घ्यावा आणि आमिष बोर्डाच्या बाहेर, फटीजवळ ठेवावे.

व्यावसायिकाला बोलवावे असे प्रसंग थोडे आहेत: घरात कोणाला दंशाची तीव्र ॲलर्जी असणे, छताच्या तुळईत किंवा चौकटीत मुंगळ्यांनी घर करणे, आणि अनेक घरांच्या इमारतीत फॅरो मुंग्या पसरणे. शेवटच्या प्रसंगी एकाच घरात आमिष ठेवून भागत नाही. भिंती सामायिक असल्याने साऱ्या घरांत एकाच वेळी आमिष मांडावे लागते. येणारा माणूस मुंगी न पाहताच फवारणीचा पंप भरू लागला तर त्याला थांबवावे आणि दुसऱ्या पायरीतला चिकटपट्टीचा कागद त्याच्या हातात द्यावा.